दोन गॅस, तीच छिद्रं

मंगळवार, नांदेड

अब्बांना धरून उठता यावं म्हणून न्हाणीतला लोखंडी दांडा घरीच वेल्डिंग करून राहिलो, पण जोडात नुसती छिद्रं! दांडा तुटला तर अब्बा पडतील. वितळत्या जोडाला हवा लागू नये म्हणून त्यावर गॅस सोडावा लागतो; तो सीओटू लावला, छिद्रं. गॅसचा दुकानदार म्हणला, "आर्गन मिक्स गॅस न्या." त्यालाही तीच छिद्रं. गॅस भेसळीचा हाय, का माझा हातच खराब? आज चिडून परत सीओटू लावला, अन् जोड एकदम साफ! हे कसं काय?

मग ध्यानात आलं, आज कूलर बंद होता. बायको माहेरी, मुदखेडला. मला गरम होऊ नये म्हणून रोज तीच कूलर माझ्याकडं फिरवती. त्याच वाऱ्यानं जोडावरचा गॅस उडून जात असंल का?

उद्या ती येणार, आल्या आल्या कूलर फिरवणार. गॅस बदलणं सोपं होतं. तिला काय सांगू?