डाव्या सीटची वाटणी

रविवारी सकाळी मी कॉफी गाळून ठेवायची, कोंबड्यांना मका टाकायची आणि पडवी झाडण्याआधी गाडी चालू करायची. चालू केली की लगेच हलवायची नाही. हे इंजिन थंड असताना दोन हात पुढे नेऊन बंद केले तर आत पेट्रोल साचते आणि मग ते दिवसभर रुसून बसते. म्हणून तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत मी पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलायची. मग गाडी रस्त्यावर, सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा, पडवीला झाडू, आणि गाडी परत आत. हेरिबेर्तो तोवर अंथरुणातच असायचा. डगडग थांबली की आतून विचारायचा, "इरा, काटा बघितलास ना?" मी दर वेळी बघितलेला असायचा. तो दर वेळी विचारायचा.

हे मला इतके नीट आठवते, यावरून माझी शुद्ध जागेवर आहे असे समजावे. मी, इराइदा कोत्तो, हेरिबेर्तो रोसादोची विधवा, वय चौसष्ट, राहणार कायेय, पुएर्तो रिको, कोणाच्या दबावाने किंवा भरीस पडून नव्हे, तर माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे वाचन मी दारावर आलेल्या ज्ञानकोशाच्या खंडांवर केले. हप्ते थकल्यामुळे शेवटचे दोन खंड आले नाहीत, तेव्हा त्या अक्षरांचे माझे ज्ञान कच्चे आहे. मला मूलबाळ नाही. आईवडील गेले. माझ्या वस्तूंवर कायद्याने हक्क सांगणारे कोणी नाही. तोंडाने सांगणारे आहेत.

पहिले, घर. ते माझी बहीण अवरोरा हिला द्यावे. ती ऑर्लँडोत राहते आणि इथे परत येणार नाही, म्हणजे ती ते विकणार. विकावे. वादळात उडालेले छप्पर मी काँक्रीटचे करून घेतले आहे, चांगली किंमत येईल. अट एकच: माझा दीर इस्माएल रोसादो याला विकू नये. शेजारचा तुकडा त्याचा आहे आणि मधले कुंपण पाडायची त्याला फार दिवसांची हौस आहे.

दुसरे. समोरच्या प्रोविने हेरिबेर्तो गेल्यावर नवव्या दिवसाच्या जपमाळेनंतरच्या भातासाठी माझे मोठे बिडाचे पातेले नेले, ते तिच्याकडेच आहे. मागितले की म्हणते, "अगं, तुझंच आहे ते, नेशील की." झाकण माझ्याकडे आहे. ते तिला द्यावे. निदान तिचा भात तरी नीट शिजेल.

तिसरे, हत्यारे. गावच्या तंत्रशाळेला. बोल्ट मापात आवळायचा लांब पाना मात्र माझ्या पुतणीला, नोएमीला.

सालिनासच्या शर्यतीच्या मैदानावर जी पोरे, आता बाप्ये झाली, एकमेकांना "बेर्तोला विचारलंस का?" असे म्हणून हसतात, त्यांच्यासाठी माझ्याकडे काही नाही. त्यांनी पुढचे ऐकावे. त्यांना मुद्दाम बोलवावे, जेवू घालावे आणि मग ऐकवावे.

आता गाडी.

ती जपानहून आली, बंदरावर, जहाजाच्या लोखंडी डब्यात, अर्धी गंजलेली. हेरिबेर्तोने ती फोटोवरून घेतली होती आणि फोटोत गंज दिसत नव्हता. तिच्या इंजिनात पिस्टन नाही. पोट फुगलेला त्रिकोण आत गोल फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांच्या पट्ट्या झिजल्या की सगळे संपते. या बेटावर अर्ध्या पुरुषांना बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण या पट्ट्यांची जाडी आठवते. हेरिबेर्तोने इंजिन उघडले, हवेच्या वाटा स्वतः घासून मोठ्या केल्या, मूळचे दोन टर्बो काढून एक मोठा बसवला आणि पिकलेल्या केळ्याचा पिवळा रंग दिला. सगळे बदलले, एक सोडून. स्टिअरिंग उजवीकडेच ठेवले. इथे सगळ्यांचे डावीकडे असते. इस्माएल म्हणायचा, "दादा, उलटी गाडी घेऊन सुलट्या रस्त्यावर किती दिवस हिंडणार?" हेरिबेर्तो म्हणायचा की गाडी जशी जन्मली तशी राहील.

त्यामुळे डाव्या सीटवर बसणाऱ्याला काम असायचे, आणि ती सीट माझी होती. टोल मी द्यायची, खिडकीतून कोंबडी-भाताचे पुडे मी घ्यायची. आणि डोंगरातल्या जुन्या रस्त्यावर पुढे ट्रक आला की समोरचे फक्त मला दिसायचे. उजवीकडे बसलेल्याला ट्रकची पाठ तेवढी दिसते. मग सांगायचे कसे? तोंडाने नाही. त्या गाडीत आवाज इतका की शब्दावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी ठरवून दिले: रस्ता मोकळा असेल तर डॅशबोर्डवर दोन थापा मारायच्या. नसेल तर हात मांडीवर ठेवून गप्प बसायचे. गप्प म्हणजे नाही. गाडीत जो कोणी बसेल त्याला दार लावायच्या आधी तो हे ऐकवायचा. इस्माएलला तर अनेकदा ऐकवले, कारण इस्माएलला कोणतीही गोष्ट एकदा सांगून भागत नाही.

ज्या दिवशी हेरिबेर्तो गेला, त्या दिवशी दोघे भाऊ सालिनासहून परत येत होते. इस्माएलने चालवायचा हट्ट धरला होता आणि हेरिबेर्तो दमला होता. तो पहिल्यांदाच माझ्या जागेवर बसला. वळणाआधी पुढे खडीचा ट्रक होता. इस्माएल त्याला मागे टाकायला रेषेबाहेर पडला, समोरून पाण्याचा टँकर आला, आणि इस्माएलने स्टिअरिंग उजवीकडे ओढले. माणूस घाबरला की स्वतःला वाचवतो. डावी बाजू टँकरसमोर गेली. इस्माएलचे मनगट मोडले.

त्या रात्री शवपेटीजवळ, हात गळ्यात बांधून, इस्माएलने सगळ्यांना सांगितले की हेरिबेर्तो ओरडला, "जा, जा." त्याने ते इतक्या वेळा सांगितले की तो सांगताना रडेनासा झाला. लोक माझा हात धरून म्हणाले की आपले मरण त्याने स्वतःच ओढवून घेतले, भावाला मात्र जन्माचा घोर. म्हणजे मी विधवा, आणि धीर त्याला. मी दोन थापांचे सांगितले. प्रोवि म्हणाली, "अगं, घाईत माणूस बोलून जातो." नऊ दिवस जपमाळ झाली आणि नवव्या दिवशी माझ्या नवऱ्याची म्हण झाली. कोणी गाडी आपटली की "बेर्तोला विचारलंस का?", तीच ती मैदानावरची.

मी तेव्हाच ठरवले की इस्माएलला ज्या जागेवर बसून खोटे सुचले, तिच्या शेजारच्या जागेवर बसवून त्याला विचारायचे. त्यासाठी गाडी हवी होती. भंगारवाल्याकडून मी ती परत आणली. तो म्हणाला, "बाई, यात राहिलंय काय?" मी म्हटले, उजवी बाजू राहिली आहे. आठ वर्षे लागली. जपानी पुस्तकातल्या आकृत्या मी शब्दकोश घेऊन वाचल्या. पत्रा ठोकायला, जोडायला नोएमी यायची, इस्माएलचीच मुलगी. ती बंदरावर जोडारी करते, तिचा हात तिच्या बापापेक्षा स्थिर आहे. इंजिन पुन्हा बसवले त्या दिवशी ती म्हणाली, "काकू, काकांनी नुसती जीभ आवरली असती ना, तर आज हे बघायला असते." मी तिच्या हातात पुढचा बोल्ट दिला. तिला काही सांगितले नाही. ते काम माझे नव्हते, तिच्या बापाचे होते.

गेल्या महिन्यात गाडी रस्त्यावर आली. इस्माएल कुंपणापलीकडून म्हणाला, "वहिनी, एक चक्कर मला मारू दे की."

"चालवणार मी. तू डावीकडे बस."

"टोल द्यायला माणूस हवाय असं सरळ सांग ना," तो म्हणाला आणि हसत डावीकडे जाऊन बसला. मी त्याला दोन थापांचे सांगितले. तो म्हणाला, "माहितीये गं, दादानं कान किटवले होते."

हे वाक्य त्याने स्वतः म्हटले, याची नोंद असावी.

मी त्याला जुन्या रस्त्याने नेले. तो वाटेत कुंपणाबद्दल बोलत होता, माझ्यामागे गाडीची देखभाल त्याच्याशिवाय कोण करणार, हेही बोलत होता. वळणाच्या जरा आधी पुढे कोंबड्यांचा ट्रक लागला. काचेवर पिसे येत होती. मी विचारले, "इस्माएल, जाऊ?"

त्याने हात मांडीवर ठेवले. नियम त्याला पक्का येत होता.

मी गियर खाली घेतला आणि अर्धी गाडी रेषेपलीकडे काढली. अर्ध्यावर असताना समोरचे फक्त डावीकडच्याला दिसते, मला दिसत नाही. तिथेच मी ती धरून ठेवली.

"वहिनी, आत घे."

"त्या दिवशी तो काय म्हणाला?"

"वहिनी, समोरून बस येतेय."

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. काही नाही म्हणाला. हात मांडीवर होते त्याचे. दोन्ही हात मांडीवर होते, वहिनी."

मी गाडी आत घेतली. बस गेली. रिकामी होती, शाळेची.

नोएमी, हे तू वाचते आहेस. थांबू नकोस. पाणी प्यायचे असेल तर पी आणि पुढे वाच.

तुझ्या बापाने सीट ओली केली होती. तो साठीचा माणूस आहे आणि पोरासारखा रडत होता. परतताना तो एवढेच म्हणत राहिला, "नोएमीला सांगू नकोस. तिला सोडून कुणालाही सांग." मी म्हटले, "जिवंत आहे तोवर माझ्या तोंडून निघणार नाही." त्याने माझ्या हाताचे चुंबन घेतले. मी शब्द पाळला आहे. मला मरून आज नऊ दिवस झाले.

तर, गाडी नोएमी रोसादो हिला द्यावी, उजव्या स्टिअरिंगसकट, सगळी. ती दर रविवारी चालू करावी, काटा मध्यावर आल्याशिवाय हलवू नये. तुला दुखेल हे लिहिताना मला ठाऊक होते. मी तुझ्यावर जीव लावला आणि तरीही वाचायला तुलाच बसवले, कारण दुसऱ्या कोणी वाचले असते तर तुझा बाप त्याला खोटे पाडू शकला असता. तुझ्यासमोर तो ते करू शकणार नाही. करून बघू दे.

डावी सीट गाडीसोबत जाणार नाही. ती माझा दीर इस्माएल रोसादो याला, जशी आहे तशी, न धुता द्यावी. ती मागच्या खोलीत चादरीखाली आहे. तिचे त्याने काय करावे ही त्याची मर्जी. त्याच्याबद्दल मला आणखी काही म्हणायचे नाही. क्षमेसाठी त्याला चर्च आहे.

माझ्या नवव्या दिवशी जपमाळ झाल्यावर, जेवणे उरकल्यावर, पण कोणी उठायच्या आत, वकिलाने पाकीट नोएमीच्या हातात द्यावे. तिने उभे राहून मोठ्याने वाचावे. हेरिबेर्तो रोसादो गप्प बसला होता, हे वाक्य दोनदा वाचावे.

आमच्या कायद्यात स्वतःच्या हाताने सबंध लिहिलेल्या, तारीख आणि सही असलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मला हवे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये म्हणतात. त्या झाकणाला किंवा त्या सीटला कोणी मिळकत म्हणत असेल तर म्हणो. प्रोविला आणि इस्माएलला मी बोलावले. कागद दुमडलेला होता, खालची कोरी जागा तेवढी वर होती; या ओळी मी सह्या झाल्यावर मध्ये सोडलेल्या जागेत लिहीत आहे. इस्माएलने विचारले, "वहिनी, गाडीचं काही लिहिलंयस का यात?" मी म्हटले, बरेच लिहिले आहे. त्याने माझे पेन घेतले.

त्या चकरेच्या दुसऱ्या दिवशी मी कॉफी गाळली, कोंबड्यांना मका टाकला, आणि डाव्या सीटचे चार बोल्ट काढले.

कायेय, पुएर्तो रिको
१४ मार्च २०१९

(सही) इराइदा कोत्तो, हेरिबेर्तो रोसादोची विधवा

साक्षीदार:
(सही) प्रोविदेन्सिया लेब्रोन, समोरच्या घरातली
(सही) इस्माएल रोसादो, दीर