दोन भोवऱ्यांची कालवड

प्रिय मिनाए,

तुझं पत्र शनिवारच्या बोटीने आलं आणि तेव्हापासून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. त्याला आता गोठ्याचा वास लागलाय, तुझ्या वसतिगृहातल्या साबणाचा गेला. तू लिहिलंयस की तुझे बाबा फोनवर माझं कौतुक करत होते. ‘योशिहारु आता पूर्वीचा राहिला नाही, वाऱ्यातोंडी डोंगरावर बसून राखण करतो’ असं म्हणाले. खाली तुझी ओळ आहे: ‘आता तू फक्त डोकं थंड ठेव, आपल्याबद्दल बाबांशी मी बोलते.’ तीन वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली, ते आलं, आणि गव्हाणीशी उभ्याने वाचून मी पत्र घाईने खिशात कोंबलं. का, ते सांगायलाच बसलोय. सरळ सांगता येत नाहीये, तर आधी गाईंचं सांगतो. तू विचारलंही आहेस.

आमच्या चारही गाई बऱ्या आहेत. वसंतातली तीन वासरं आहेत. दोन गोऱ्हे अंगाने भरलेत आणि एकमेकांना ढुश्या देऊन आमचं कुंपण खिळखिळं करतात. तिसरी कालवड, म्हातारी उमेका जिला पाजते ती. ही सगळ्यांत देखणी. पाठ सरळ, चाल संथ, आणि हाक मारली की आधी कान हलवते, मग विचार करते, मग येते. आई म्हणते, उमेकाचं हे शेवटचं वेत, तिच्या जागी ही ठेवायची, विकायची नाही. लिलावाला जाणाऱ्या वासरांना आई कधी नाव देत नाही हे तुला ठाऊक आहे. हिला दिलंय. त्यामुळे आणखीच अवघड झालंय.

गावात अजून माझ्यावर हसतात. मी मात्सुएचं शेतकी कॉलेज अर्ध्यावर सोडून आलो ते वसतिगृहप्रमुखाच्या अंगावर बादली भिरकावली म्हणून, हे सगळ्यांना माहीत आहे. खरं कारण बादली नव्हती, तू इथे होतीस हे होतं, ते फक्त तुला माहीत आहे. आणि सहा महिन्यांत तू नर्सिंग शिकायला निघालीस, तीही मात्सुएलाच. दुकानातली म्हातारी मला बघितलं की अजून विचारते, ‘काय रे, पुन्हा कधी शिकायला जातोयस? आता तरी जा, आता तिथे शिकण्यासारखं काहीतरी आहे.’ तिला कुणी काही सांगितलेलं नाही. पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तुझ्या बाबांच्या नजरेतून सुटतं, कारण त्यांची नजर फक्त गाईंवर असते. निदान मी तसं समजत होतो.

तू गेलीस त्या दिवसाचं आता सांगतो. त्या आठवड्यात वरच्या कुरणावर दोनच गाई विणार होत्या. आमची उमेका आणि तुमची किकुयो, तिचं पहिलंच वेत. तुला ठाऊक आहे, गाय व्यायली की कावळे वाटच बघत असतात. माणूस जवळ नसेल तर वासराचे डोळे, बेंबी, काही ठेवत नाहीत. म्हणून पाळीपाळीने बसायचं ठरलं होतं, आणि त्या दिवशी दुपारपासून पाळी माझी होती. हे तुला माहीत नव्हतं. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर तू ‘धक्क्यावर येऊ नकोस’ म्हणाली असतीस. आदल्या दिवशी दगडी बांधाजवळ तुझे बाबा सगळ्यांसमोर मला म्हणाले होते, ‘कॉलेजातल्या गाई कागदावर असतात पोरा, त्या पळत नाहीत. दोन गाई आणि एक पोरगा डोंगरावर. गाईंची मला काळजी नाही.’ सगळे हसले. मी दातओठ खाऊन म्हणालो, ‘काका, पापणी लवू देणार नाही.’ आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता बोटीचा भोंगा ऐकला आणि डोंगर उतरून पळत सुटलो.

तासाभराचा प्रश्न आहे असं वाटलं. धक्क्यावर बाबा तुला सोडायला उभे होते, म्हणून मी बर्फाच्या कोठीमागे थांबलो. बोट वळली तेव्हा तू मला बघितलंस, गळ्यातला पिवळा रुमाल काढलास आणि दीपस्तंभापर्यंत हलवत राहिलीस. मी ते सगळं बघून मगच वर गेलो. तासाचे दोन झाले होते.

वर गेलो तर दोन्ही गाई व्यायलेल्या. उमेका एका ओल्या कालवडीला चाटत होती. किकुयो बाजूला उभी, काय करावं न कळणाऱ्या पोरीसारखी, जवळ आली की उमेका शिंगं रोखायची. आणि घळीत दुसरा, गोऱ्हा. त्याच्यावर सात-आठ कावळे. मी दगड मारले, ओरडलो, पण तो गेलेला होता. मी गुडघ्यावर बसून त्याचे पाय हातात घेतले. जन्मलेल्या वासराच्या खुरांना पिवळट मऊ टोकं असतात, उभं राहून चाललं की ती झिजतात. याची झिजलेली होती. म्हणजे हा जिवंत जन्मला होता, उठला होता, चालला होता, आणि चालता चालता घळीत गेला होता. कुणी तिथे असतं तर दोन पावलांवरून उचललं असतं. मी बांधालगत खड्डा खणला आणि त्याला पुरला. घाईने पुरला, मिनाए. ते खूर कुणाला दिसू नयेत म्हणून.

माती थापत होतो तेवढ्यात तुझे बाबा धक्क्यावरून हळूहळू चढत वर आले. डोळे लाल होते, तुला सोडून आले होते. पण तोंडाने म्हणाले, ‘बघितलंस का रे काही, का झोपला होतास?’ तेव्हा खरं सांगायला एक क्षण होता. पण ते ‘झोपला होतास’ डोक्यात गेलं. मी म्हणालो, ‘सगळं या डोळ्यांनी बघितलंय काका. कालवड उमेकाची. तुमच्या किकुयोचा गोऱ्हा मेलेलाच जन्मला. कावळे जमले म्हणून पुरून टाकला.’ त्यांनी बुटाने खड्ड्यावरची माती नीट दाबली. मग म्हणाले, ‘बरं केलंस.’ आणि दुसऱ्या दिवशी साकेची बाटली घेऊन आमच्या दारात आले, आईसमोर मान लववली, म्हणाले, ‘तुमच्या पोराला मी उगाच बोललो.’ मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही. सगळ्यांना वाटलं, लाजला.

किकुयो तीन दिवस आमच्या कुंपणाशी उभी होती. कासेतून दूध ठिबकत होतं. आई तिला हाकलायला जायची आणि हाकलता येत नाही म्हणून परत यायची. मी मनाला समजावलं, पहिलारू आहे, कुणाचंही वासरू दिसलं तरी हंबरेल. त्या वेळी मला खरंच माहीत नव्हतं कालवड कुणाची. माहीत नव्हतं आणि छातीठोक सांगितलं होतं. पण मग तिचे जन्माचे केस झडून नवे आले आणि कपाळावर भोवरे दिसायला लागले. दोन, शेजारी शेजारी. उमेकाला एक आहे, आमच्या एकाही गाईला दोन नाहीत. किकुयोला दोन आहेत. तिच्या आईलाही होते, तू लहानपणी त्यात बोटं फिरवायचीस. परवा खरारा करताना माझ्या आईचा हात तिथे थांबला. म्हणाली, ‘दोन आहेत होय.’ आणि पुढे खरारा करत राहिली. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाली, ‘माशाचा काटा घशात अडकला की भाताचा मोठा घास घ्यायचा, योशी. वाट बघितली की रुततो.’ त्या दिवशी मासा नव्हता.

येत्या गुरुवारी दहानंतर वासरांची नोंदणी करणारे येतात. तुला माहीत आहेच, नाक पुसतात, शाई लावतात, कागद दाबून ठसा घेतात, आणि मग ते वासरू जन्मभर त्या कागदावरच्या आईचं. डोकं धरायला दरवर्षीप्रमाणे तुझे बाबा असणार, त्यांच्याइतका स्थिर हात गावात कुणाचा नाही. ते दोन भोवरे त्यांच्या अंगठ्याखाली असतील. त्यांना दिसले नसतील असं मला वाटत नाही. दिसले असतील आणि माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला असेल, हे जास्त वाईट आहे. कागदावर जन्म बघणाऱ्याच्या नावाचा शिक्का लागतो. तो मी मारायचा असं त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलंय.

मी शिक्का मारणार नाही. कालवड किकुयोची आहे, जो गेला तो आमचा होता आणि तो मेलेला जन्मला नव्हता, हे गुरुवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. आईला काल सांगितलं. तिने कालवडीच्या गळ्यातलं दावं सोडून धुवायला घेतलं, दुसऱ्याची वस्तू परत करताना धुतात तसं. एवढंच असतं तर हे पत्र लिहिलं नसतं, तुला नंतर कळलं असतं आणि तू माझ्याशी बोलणं सोडलं असतंस, ते मी सोसलं असतं. पण तुझे बाबा विचारणार, ‘मग कुठे होतास?’ आणि त्याचं उत्तर अर्धं तुझं आहे. तुझे बाबा दुकानात, बोटीवर, जिथे बसतील तिथे सांगतात, ‘माझी पोर दीपस्तंभापर्यंत मला रुमाल हलवत होती.’ गाय, वासरू, माझं खोटं, सगळं ते एक दिवस माफ करतील. तो रुमाल मी त्यांच्याकडून काढून घेऊ शकत नाही. घ्यायचा तर तूच घे. हे पत्र उद्याच्या बोटीने निघेल, मंगळवारी तुला मिळेल. गुरुवारी सकाळी नऊ वाजल्यापासून मी दुकानातल्या फोनजवळ उभा असेन, म्हातारी काय हसायचं ते हसू दे. तू फोन केलास तर कोठीमागे होतो असं सांगेन आणि पुढे जे होईल ते आपण दोघं बघू. दहापर्यंत वाजला नाही, तर झोपलो होतो म्हणेन. रुमाल त्यांचाच राहू दे.

फोन वाजो न वाजो, तुझाच,
योशिहारु