डावं वळण

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा पडले! हिंगणी रोडच्या वळणावर डावं चाक नालीत गेलं, गाडी कलली आणि मी मागच्या सीटवरून थेट शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीत. कोपर सोललं. हे मात्र हँडल धरून राजासारखे बसलेले! वर मलाच सांगतात, "शॉकअप ढिले झाले. म्हणून डावीकडं वळताना दबते."

तीन चाकांची मोटारसायकल, पडायचा प्रश्नच नाही, असं सांगून ही आणली होती. पावसाळ्यात यांना लकवा झाला, डावा पाय अधू राहिला. पाय टेकायचं काम नको म्हणून मागे दोन चाकं लावून घेतली, गिअर हाताशी आणला. माझी काही तक्रार नव्हती. माणूस दिवसभर घरात बसला तर माझंच डोकं खाईल. पण गाडी आल्यापासून आमचे बंडूजी किराणा दुकान विसरले आणि रेसवाले झाले!

आता नवं खूळ — पुढच्या शनिवारी अंकिता पोरीला घेऊन माहेरी येते आहे, तर रविवारी नातीला मागे बसवून बोरधरणावर नेणार. फोनवर कबूलही करून टाकलं. बायकोला तुरीत टाकून झालं, आता नात!

८ जानेवारी, बुधवार

गाडी आदेशच्या गॅरेजात. या आदेशच्या हातात पाना कमी, मोबाईल जास्त. तिथं कोणी परदेशी माणूस तीन चाकांवर भिंगरीसारखा वळतो म्हणे, तो व्हिडिओ दोघं डोक्याला डोकं लावून बघत होते.

मग प्रवचन. "काकू, दोन चाकाची गाडी वळताना झुकते. हे झुकत नाई. मंग आतलं चाक उचलते. मी कडक शॉकअप टाकतो, मागचे चाकं आणखी फाकवतो, अन् दोन्हीच्या मधात सळी बांधतो. मंग पाहा कशी वळते!"

हे कीर्तनात बसल्यासारखी मान डोलवत होते. मी म्हटलं, "उजवीकडं वळताना तर काईच होत नाई. शॉकअप काय एकाच बाजूनं ढिले होतात का?"

दोघंही हसले. "काकू, तुमी चहा सांगा," म्हणे!

सांगितला चहा. मी मात्र नाही घेतला.

९ जानेवारी

चटणी आजही तशीच ताटात. जवसाची, सकाळी कुटलेली! लग्न झाल्यापासून बोटं चाटून खाल्ली, आणि आता तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. लिंबाची फोडही तशीच. भाजी मात्र साफ. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, आईनं शिकवलं तसंच वाढते मी, त्यात काय चुकलं? लकव्यानं पाय गेला, पण जीभ शेफारली! तोंडानं सांगावं ना, आवडत नाही म्हणून. मीही विचारणार नाही. मीही प्रमिला आहे.

१३ जानेवारी, सोमवार

शॉकअप बसले. लालभडक! नवरदेवाचं घोडं बरं. चाकं इतकी फाकवलीत की फाटकातून गाडी आत येताना डावा खांब घासला. हे खांबालाच शिव्या देत होते. "हा खांब कोनं इतका पुढं गाडला?" अहो, तुमच्याच वडिलांनी.

"बस, चक्कर मारून आणतो," म्हणाले. मी म्हटलं, माझं कोपर अजून भरायचं आहे. तर माझ्या जागी दुकानातलं हरभऱ्याचं पोतं बांधलं! "तुह्याएवढंच वजन हाये," म्हणे. एवढ्या वर्षांच्या संसाराची ही किंमत — पोतं!

परत आले तेव्हा पोतं फाटलेलं, अर्धा हरभरा रस्त्यावर, आणि शेजारच्या रुख्मिणीबाईची बकरी मागोमाग वेचत येते आहे. डावीकडेच पुन्हा. कुठल्याशा दगडाला घासले.

"सळी जरा जास्तच ताठ झाली," म्हणाले. मी इतकी हसले की ठसका लागला.

१४ जानेवारी

तिळगूळ दिला. गोड बोलायचं होतं म्हणून दिवसभर बोललेच नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

आज सोक्षमोक्षच लावायचा म्हणून मीही हिंगणी रोडला गेले. आधी आदेशनं चालवली, मला मागे बसवून. खरं लिहायचं तर — गाडी वळणाला अशी बसली, जणू रुळावर धावते आहे. ना दबली, ना आतलं चाक उचललं. मी पदरसुद्धा सावरला नाही. पोरगा दिसतो तेवढा बावळट नाही.

मग हे बसले. मी मागे बसायला नकार दिला, बाजूला उभी राहिले. तीच गाडी, तेच वळण. आणि डावं चाक सरळ नालीत! जराही न कचरता, जणू तिथं नाली नाहीच!

"पाहा, अजून दबूनच राह्यली!" हे ओरडले.

आदेश डोकं खाजवत होता. "काकाजी, शॉकअपमंदी तर काई खोट नाई…"

मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" रस्त्यावर, त्या पोरासमोर. यांचा चेहरा पडला. पडू दे. त्या चेहऱ्याकडे पाहिलं तर डाव्या गालावर दाढीचे खुंट तसेच — अर्धीच दाढी करून घराबाहेर! इतकी कसली घाई होती, देव जाणे.

संध्याकाळी अंकिताचा फोन. "आई, बाबांसोबत पोरीले पाठवू ना वं धरणावर? लई नाचून राह्यली ते." मी म्हटलं, ये तर खरं, मग पाहू. नाही म्हटलं असतं तर हे आठवडाभर जेवले नसते. जवळच बसून ऐकत होते, लहान पोरासारखे.

१७ जानेवारी

संकष्टी. केळझरला एसटीनं गेले, एकटी. गणपतीला सांगितलं, या माणसाला बुद्धी दे. शॉकअप तुझ्या हातात नाहीत.

१८ जानेवारी, शनिवार

दुपारी मुद्दाम ताट उलटं वाढलं. चटणी उजवीकडे, अगदी हाताशी. म्हटलं, आता कशी टाकता तेच पाहते.

मिटक्या मारत खाल्ली. "किती दिवसानं केली वं! मले वाटलं, इसरलीच तू."

मग नुसत्या चटणीशी भाकर खात बसले. मी विचारलं, भाजी काऊन नाई घेत?

"केलीच कुठं तुनं?"

वांग्याची भाजी डाव्या बाजूला वाफाळत होती.

मी ताट फिरवलं. हे दचकले. भाजीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. नाली, खांब, दाढी, चटणी… सगळं डावीकडचंच.

गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली आहे. अंकिता संध्याकाळच्या बसनं येईल.