पाणसळीत न बसणारं जहाज

सोनाळा,
१८ जानेवारी २०२६

चि. महामायास,

बाबाचा सप्रेम जयभीम. आईचा गुडघा सोडला तर घरी सगळं ठीक.

लोखंडी बैलबंड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, विहाराचं फाटक, शाळेची घसरगुंडी, तुझ्या आईची शेगडी. एवढं या हातांनी केलं आणि त्यातलं एकही कोणाकडे शिकायला गेलो नाही. आता त्यात एक जहाज.

तूच म्हणाली होतीस की तुझं जहाज धक्क्याला लागत नाही, सरळ वाळूवर चढतं, तोंड उघडतं आणि पोटातले रणगाडे किनाऱ्यावर सोडतं. त्या जातीतल्या एकाचं नाव ‘मगर’ होतं, हे मी नंतर वाचलं. नाव ठेवणाऱ्याला नजर होती. पण रुतलेलं जहाज परत पाण्यात जातं कसं, हे विचारलं तर तू म्हणालीस, "बाबा, मले सांगता येत नाही. विचारू नका." बरोबर आहे. विचारत नाही. म्हणून करून पाहिलं.

तेलाच्या पिंपाचा पत्रा, फवारणी पंपाच्या दोन मोटरी. वाण धरणावर नेलं. शेजारचा पंक्चरवाला अब्दुल गनी सोबत होता. रणगाड्यांच्या जागी खेळण्यातले ट्रॅक्टर. नाक चिखलाला लागलं, दरवाजे उघडले, फळी पडली ती पाण्यातच, आणि ट्रॅक्टर बुडाले.

"मिस्तरी, तुह्या रणगाड्यायनं आंघोळ केली ना बे!"

मी पाणसळ काढून डेकवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. माझ्या कामात तो मध्येच असतो. चूक सापडेना म्हणून जेवण गोड लागेना. मग घसरगुंडीपाशी उभा असताना उमगलं की बुडबुडा मध्ये असणं हीच चूक होती. मी ट्रॉली बनवली होती. ट्रॉली सपाट लागते, पण काठाला उतार असतो, तर पोटालाही उतार हवा. मागच्या बाजूला डबे बसवून पाण्याने भरले, नाक वर आलं. या खेपेला पुढचं पोट सबंध काठावर टेकलं आणि ट्रॅक्टर कोरडे उतरले. गनीने शिट्टी मारली.

पण निघेना. मोटरी उलट्या फिरवल्या, नुसता चिखल उडाला. गनी पायजमा गुडघ्यापर्यंत चढवून पाण्यात शिरला.

"ढकलू का?"

"खबरदार! समुद्रात कोण ढकलाले येते?"

शेवटी जमलं. काठाला लागायच्या आधीच, खोल पाण्यात असताना, मागून नांगर टाकायचा आणि दोर सोडत पुढे जायचं. निघताना तोच दोर गुंडाळायचा, जहाज स्वतःला मागे ओढतं. म्हणजे परतीची सोय येतानाच करून ठेवावी लागते. तुमच्याकडे असंच असेल तर बोलू नकोस, फोनवर नुसती खोक.

आई विचारते, यंदा तुझी अग्निवीराची चार वर्षं संपतात, पुढे काय. मी विचारत नाही. तिकडे ठेवून घेतलं आणि तुला राहावंसं वाटलं, तर राहा. घसरगुंडीच्या तिसऱ्या पायरीचा जोड तुझा आहे, अजून उकललेला नाही. तुझा वेल्डिंगचा चष्मा खिळ्यावर आहे. पुसतो कधीकधी, धूळ बसते म्हणून.

मागच्या फोनवर तू म्हणालीस, "दुकान देऊन टाका बाबा, कंबर गेली तुमची." गेल्या सोमवारी गिऱ्हाईक आलं. चिखलीचा रवी, अवजारांचा व्यापारी. त्याला दुकान मशीनसकट, रस्त्याकडच्या जागेसकट हवं होतं. तो गेल्यावर गनी म्हणाला, "पोरगी येणार हाय का पत्रा ठोकाले?" मी म्हणालो, मले काय माहीत. खरंच माहीत नाही.

कळव, नाही कळवलंस तरी चालेल. रवीला चहा पाजला आणि नाही म्हणालो. बावीस लाख देत होता, रोख.

तुझा बाबा,
प्रसेनजित मिस्तरी