सात नंबरचे ट्रक

११ नोव्हेंबर, दुपारी

धाकटे,

आशीर्वाद. आणि नाही, मला म्हातारचळ लागलेला नाही. अंगणात पत्र्याचे जुने खेळण्यातले ट्रक मांडलेत म्हणून कुणाला तसं वाटत असेल तर वाटू दे. तू विचारलं नाहीस, माहीत आहे मला. पण मनात आणलं असशील, म्हणून आधीच सांगून टाकते.

इकडे ठीक. गुडघे आहेत तसेच. डॉक्टर म्हणतो चाला, गुडघे म्हणतात बसा. मी कुणाचंच ऐकत नाही.

तर ट्रक. तेवीस झालेत. गंजलेले, रंग उडालेले, काहींना चाकं नाहीत. हौद्यात माती भरते, सदाफुली लावते. बुडाला गंजाने भोकं पडलेलीच असतात, पाणी आपोआप निघून जातं. शेजारचा न्हावी म्हणतो, "आजी, ट्रान्सपोर्ट कंपनी काढली का?" म्हटलं, "हो, क्लीनर पाहिजे, येतोस?" तो म्हणतो रंगवून घ्या, छान दिसतील. नसता उपद्व्याप. रंग दिला की सगळंच झाकलं जातं.

भंगारवाल्याकडे गेले की मी आधी ट्रक उलटा करते. तो वैतागतो. "आजी, ट्रक घेताय की जावई? एवढं काय बघता?"

काय बघते ते तुला सांगायचं आहे. गेले दोन महिने सांगायचं आहे. दोनदा कागद घेतला आणि भाजी निवडत बसले.

आपण दोघी खेळण्यांच्या कारखान्यात होतो तेव्हाचे हे ट्रक. मी चाकं बसवायचे, तू सात नंबरच्या बाकावर. ट्रकचे भाग जोडणाऱ्या पत्र्याच्या जिभा खाचेतून काढून पकडीने वळवायच्या आणि वर लाकडी हातोडीने दाबायच्या. तू डावखुरी, तुझ्या जिभा सगळ्या डावीकडे वळायच्या. दाबून झालं की वरून बोट फिरवून बघायचीस. मी हसायचे तुला. म्हणायचे, खेळणं आहे बाई, दागिना नाही.

तुला ताप आला होता तो दिवस आठव. दुपारनंतर तू घरी गेलीस आणि तुझ्या बाकावर मी बसले. ढीग मोठा होता, मला घरी जायची घाई. जिभा वळवल्या आणि सोडून दिल्या. हातोडी हातातसुद्धा घेतली नाही. तेव्हाही मला ती नाटकंच वाटली.

पुढे महिन्याभरात तक्रार आली. कुणाच्या तरी पोराचा अंगठा फाटला, टाके पडले. फोरमनने तो ट्रक सगळ्यांसमोर उलटा धरला. बुडाला सातचा शिक्का, तुझ्या बाकाचा. त्याने शिक्का बघितला आणि तुला कायमचं घरी पाठवलं. जिभा कुठल्या बाजूला होत्या ते त्याने बघितलं नाही. मी लांब उभी होते, मला दिसलं नाही. खरं सांगू? पुढे होऊन मी बघितलंच नाही. तू जाताना माझ्याकडे बघितलंस आणि मी चाकांच्या खोक्यात हात घालून बसले.

मग हे म्हातारपणी सुरू केलं. बाग वगैरे सगळं निमित्त. मला एक ट्रक पाहिजे होता. सातचा शिक्का, सुटलेल्या जिभा, आणि वळण डावीकडे. एक सापडला असता तर म्हटलं असतं, चल, तिच्याही हातून होत होतं. आठ वर्षं शोधते आहे.

सातचे नऊ मिळाले. पाच डावीकडे वळलेले. एवढा गंज चढलाय, तरी बोट फिरवलं तर कुठे लागत नाही. चार सुटलेले. चारही उजवीकडे.

दमले मी आता. शोधणं बंद केलं.

हे लिहायला बसले कारण परवा तुझ्या लेकीचा फोन आला. रडत होती. "मावशी, बाळ दोन महिन्यांचं झालं, आईने अजून उचललं नाही. म्हणते, माझ्या हातून लेकराला लागतं." मला वाटायचं तू विसरली असशील. शिवणाचं मशीन विकलंस, भाच्याच्या लग्नात कुणाचं पोर मांडीवर दिलं तशी उठून गेलीस, तेव्हाही मी मनाला सांगायचे, तिचा स्वभावच तसा.

तो तुझा हात नव्हता. माझा होता. लेकीला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. जावयालाही ऐकू दे. आणि बाळाला घे.

रागावलीस तर रागाव, तो तुझा हक्क आहे. माझ्याकडे येऊ नकोस, फोनवर रडू नकोस. रडारड मला सहन होत नाही, माझीसुद्धा नाही. इतकी वर्षं कशी गप्प बसलीस, ते विचारू नकोस. झालं ते सांगितलं. याच्यावर एक अक्षर जास्त लिहिणार नाही.

ताई