स्टेअरिंगच्या झाकणाला निपल

उस्ताद,

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नका. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते. लिहायची सवय नाही, शाळा चौथीत सुटली हे तुम्हाला माहीत आहेच. पण आज विचारायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

कोल्हारच्या बाईंची चॉकलेटी मोटार आठवते का? त्यांच्या वडिलांची. केडगावच्या आपल्या गॅरेजात ती आली की तुम्ही आधी हात धुवायचात, मग तिचं बॉनेट उघडायचात. ती आता माझ्याकडे दुरुस्तीला आली आहे. स्टेअरिंगच्या पेटीचं सील झिजलंय आणि तसलं सील आता कुठंच मिळत नाही. संध्याकाळी ओतलेलं तेल सकाळी खालच्या ताटलीत असतं. शेवटी मी पेटी रिकामी करून धुतली, झाकण बाकावर घेऊन भोक पाडलं, त्यात आटे पाडले आणि ग्रीस गन लावायचं निपल बसवलं. ग्रीस पातळ आणलंय. घट्ट ग्रीस पेटीतल्या गिअरच्या दातांपासून बाजूला सरकतं ते परत येत नाही, मग दात कोरडे फिरतात. पातळ परत येईल, असं वाटतं. नुसतं वाटतं, उस्ताद.

अजून डोळ्यांसमोर आहे, मी गॅरेजात नवा आहे. एका टेम्पोच्या स्टेअरिंगच्या पेटीत बोटांनी ग्रीस भरतोय आणि तुम्ही मागून ओरडता, "आरं, भिंत लिपतो का काय? स्टेअरिंगला तेल पाजायचं आसतं, लेकराला पाजत्यात तसं!" सगळं गॅरेज हसतं. मग तुम्हीच पेटी पुसून काढता, तेल ओतता आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसता. "ज्यानं पेटी खोलली त्यानं पयल्या फेरीला गाडीत बसायचं. आपन हितं च्या पीत ऱ्हायचं अन् लोकांनी घाटात जायचं, आसं न्हाई चालत." तो टेम्पो परत येईपर्यंत मी दारातच उभा होतो.

उद्या बाई त्यांच्या आईला घेऊन अकोले गावावरून भंडारदऱ्याला निघाल्या आहेत. म्हातारीला ते धरण याच गाडीतून पुन्हा बघायचंय. मी घाटातल्या वळणांचा विषय काढला तर बाई म्हणाल्या, "काका, गाडीपेक्षा तुम्हीच जास्त कुरकुरता." मी म्हणालो, "गाडीला वंगण घालता येतं, मला काय घालणार?" त्या हसल्या. मला हसू आलं नाही. वळणावर स्टेअरिंगचं चाक जड झालं आणि फिरलंच नाही तर? मागं ती म्हातारी, पायावर शाल घेऊन.

पुढच्या सीटवर मी बसणार आहे, तसं बाईंना सांगून ठेवलंय. घाटात मला मळमळतं, हे तुम्हाला इतक्या वर्षांत कधी बोललो नाही. आणि नुसतं शेजारी बसून मी काय करणार, चाक तर बाईंच्या हातात.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला कळत नाही. घडी करून बाकाच्या खणात ठेवतो. तुम्ही दिलेली ग्रीस गन भरून वर ठेवली आहे, अजून दाबलेली नाही. निपल काढून त्याच भोकातून तेलही पाजता येईल. गाडी उजाडताच निघते, त्याआधी काय ते कळवा.