पाणपिसवांची साक्ष

१० ऑगस्ट, सकाळ
शाळेमागच्या ओढ्याचा खळखळाट आज पहाटे कानात वाजला. चौथीत आम्ही त्याच तालावर कविता म्हणायचो. गुरुजी आम्हाला थांबवायचे, ओढा थांबत नसे. आता तो नुसता फेसाळतो. वरच्या अंगाला झालेल्या कारखान्यावर माझा संशय आहे. पुरावा हवा.

११ ऑगस्ट
मार्ग सापडला. पुतणीची मुलगी दिशा कल्याणच्या कॉलेजात पाणी तपासायचंच शिकते. फोनवर म्हणाली, आजोबा, तळ्यात टिंबाएवढ्या पाणपिसवा असतात, कोळंबीच्या लांबच्या नातलग. विषारी पाण्यात पटकन मरतात. लॅबमध्ये परदेशी जातीच्या वापरतात, पण आपल्या पाण्याची परीक्षा आपल्याच पिसवांनी घ्यावी. वा! एका बरणीत ओढ्याचं पाणी, तुलनेला दुसरीत चांगलं. नळाचं नको, असं काहीतरी म्हणत होती. रेंज गेली.
नळाचं का नको? आमच्या नळाइतकं चांगलं काय आहे?

१३ ऑगस्ट
मुरबाडहून दोन काचेच्या बरण्या आणल्या. हिला वाटलं, लोणच्याला. तळ्यातून पिसवा गाळणीने धरल्या. गाळणी चहाची. ही जे बोलली ते इथे लिहीत नाही. पिसवा बरण्यांत सोडल्या आणि दोन ओळी सुचल्या:
टिंबामागुन टिंब उडाले,
पाण्याला या डोळे आले!
हिला ऐकवल्या. म्हणाली, डोळे आले तर ड्रॉप टाका.

१४ ऑगस्ट
अघटित! ओढ्याच्या बरणीतल्या मजेत. नळाच्या बरणीतल्या सगळ्या तळाशी, मेलेल्या.
म्हणजे कारखाना सुटला. मग ग्रामपंचायतीच्या टाकीवर कोण असतो? शेजारचा देवराम. वर्षानुवर्षं संध्याकाळचा चहा माझ्याकडे पितो. किती गोड बोलतो! तिथेच शंका यायला हवी होती.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर देवरामला गाठलं. टाकीत काय टाकतोस? हसून म्हणाला, पावडर टाकतो ना नाना, रोजच. नाय टाकली तं तुमीच बोंबलाल.
कबुली! तीही तिरंग्याखाली. कसली पावडर, हे विचारायची गरज वाटली नाही. गावच्या ग्रुपवर टाकलं: देवराम पाण्यात विष कालवतो. साक्षीदार, पाणपिसवा.

१७ ऑगस्ट
खळबळ. सरपंच प्रियांकाताईंनी चौकशी होईपर्यंत देवरामला घरी बसवलं, टाकीची चावी काढून घेतली. त्याची बायको मला ऐकू जाईल अशी नळावर म्हणाली, म्हाताऱ्याच्या पिसवा मेल्या आन् आमची चूल विझली गो!
वाक्य चांगलं साधलं. पण दबावाला बळी पडणार नाही.
देवराम चहाला आला नाही. अपराधी मन, दुसरं काय. चहा मलाही गेला नाही.

१९ ऑगस्ट
विजय! आजच्या नळाच्या पाण्यात पिसवा जिवंत. उड्या मारतायत. पाणी शुद्ध झालं! सर्वांदेखत दोन तांबे प्यालो.

२० ऑगस्ट, पहाटे
पोट.

२० ऑगस्ट, पुन्हा
अर्ध्या गावाचं तेच. कारखान्याचा सूड?

२१ ऑगस्ट, सकाळ
दिशाचा फोन. ती पावडर म्हणजे टीसीएल, क्लोरीनची. जंतू मारते, पिसवाही मारते, माणसं वाचवते. म्हणून तर नळाचं पाणी नको म्हटलं होतं, आजोबा!
हे तिने रेंज असताना सांगायला हवं होतं.
सरपंचताईंचाही निरोप आला. नाना, तुम्ही ग्रुपवर शब्द मागे घ्या, लगेच त्याला चावी देते.
ठरवलं. देवरामला मोठ्या मनाने माफ करायचं. पद्यात.

२१ ऑगस्ट, दुपार
पहिलं कडवं होत आलंय. मध्ये मध्ये उठावं लागतं.
कडी वाजली. दारात देवराम! भांडायलाच आला असणार. काठी हातात घेऊन दार उघडलं. तो पोट धरून वाकलेला. म्हणाला, नाना, आमच्याकडं रांग हाय. तुमचा संडास मोकळा हाय काय?
मीच निघालो होतो. त्याला आधी जाऊ दिलं. बाहेर उभ्या-उभ्या ग्रुपवर मेसेज टाकला: देवराम निर्दोष आहे, चावी द्या.
गद्यात.